आवाजाची पुडकी

१९९४ सालची गोष्ट. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, लग्न होऊन अमेरिकेत न्यू जर्सीला गेली, तेव्हा मी आठवीत होतो. चिपळूणला आमच्या घरी टेलिफोन नव्हता. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी लवकर आंघोळी उरकून आई, बाबा आणि मी बाजारपेठेतल्या एस्.टी.डी. बूथवर जात असू. काचेच्या त्या खोलीत एका वेळी दोनच माणसे मावत. फोनच्या वर एक लहान पेटी होती आणि तिच्यावर तांबडे आकडे पळत. विचारायच्या गोष्टी आई एका चिटोऱ्यावर लिहून नेई. बोलणे ताईशी चाले, पण डोळे त्या आकड्यांवर असत. तीन मिनिटे होत आली की बाबा बाहेरून काचेवर टकटक करीत.

एकदा बाबांचे हर्नियाचे ऑपरेशन ठरले होते. आईने ते चिटोऱ्यावर अगदी शेवटी लिहिले होते, आणि शेवटच्या ओळीपर्यंत ती पोचलीच नाही. ताईला ते पत्राने कळले, तेव्हा बाबांचे टाके निघून ते कामावरही जाऊ लागले होते.

आज पंच्याहत्तरी ओलांडलेली तीच आई फोन उशीला टेकवून ठेवते आणि भिजवलेले वाल सोलता सोलता ताईशी तासभर बोलते. कधी कधी दोघी बराच वेळ काही बोलतही नाहीत. इकडे वाल सोलण्याचे काम चालू असते, तिकडे ताईच्या स्वयंपाकघरात भांडी वाजत असतात. बूथच्या दिवसांत अशा गप्प बसण्याचेही पैसे पडले असते!

हे इतके स्वस्त कशामुळे झाले, असे मी वर्गात विचारतो तेव्हा हमखास उत्तर मिळते, "सर, इंटरनेटवरून बोलणे फुकटच असते." हे काही उत्तर नव्हे. समुद्राच्या तळाशी तारा तेव्हाही होत्या आणि आताही आहेत. त्या घालायला आणि सांभाळायला खर्च येतोच. मग बदलले काय?

राखून ठेवलेली गाडी

लग्नाच्या वऱ्हाडासाठी एस्.टी.ची गाडी ठरवतात, ते तुम्ही पाहिले असेल. गाडीच्या पाटीवर 'प्रासंगिक करार' असे लिहिलेले असते. वऱ्हाडात दहाच माणसे आली तरी भाडे पुऱ्या गाडीचे द्यावे लागते. वाटेत हात दाखवणाऱ्या दुसऱ्या कोणाला तीत घेता येत नाही.

जुन्या टेलिफोनची रीत हीच होती. चिपळूणहून न्यू जर्सीला फोन लागला, की त्या दोन टोकांच्या मधली एक वाट तुमच्यासाठी राखून ठेवली जाई. तुम्ही बोला, खोका किंवा गप्प बसा. फोन खाली ठेवीपर्यंत ती वाट तुमची. गंमत अशी की दोघांच्या संभाषणात एक जण बोलतो तेव्हा दुसरा ऐकत असतो. म्हणजे जाण्याची आणि येण्याची अशा दोन दिशा धरल्या, तर त्यांपैकी एक साधारण निम्मा वेळ रिकामीच असते. भाडे मात्र दोन्हींचे.

आता टपालाची थैली आठवा. तुमच्या एका पत्रासाठी कोणी गाडी राखून ठेवत नाही. हजार जणांची पत्रे एकाच थैलीत जातात, प्रत्येकावर आपापला पत्ता असतो आणि खर्च सर्वांत वाटला जातो. इंटरनेट हे असे टपाल आहे, फक्त अतिशय वेगवान. माहितीचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि सर्वांना समाईक वाटेवर सोडून द्यायचे, ही कल्पना १९६०च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. आपण त्याला पुडके म्हणू.

तरीही फोनच्या दरामागे सारे पदार्थविज्ञानच होते, असे मी म्हणणार नाही. दोन देशांच्या टेलिफोन कंपन्या मिनिटागणिक आपापसांत हिशेब करीत. आपल्याकडे परदेशी कॉलचा व्यवसाय २००२ पर्यंत एकाच कंपनीच्या हाती होता. स्पर्धा नसली की दर कसे राहतात, हे सांगायला भौतिकीचा प्राध्यापक लागत नाही.

आवाजाचे आकडे

पत्र पुडक्यात बांधता येईल, पण आवाज कसा बांधायचा? त्यासाठी आधी आवाजाचे आकडे करावे लागतात.

आपण बोलतो तेव्हा हवेचा दाब भराभर कमी-जास्त होतो. फोनमधला मायक्रोफोन त्या दाबाबरोबर बदलणारा विद्युत्दाब निर्माण करतो. आलेखाच्या कागदावर एक नागमोडी रेघ काढा आणि दर चौकटीला तिची उंची मोजून आकडे लिहून ठेवा. मूळ रेघ पुसून टाका आणि त्या आकड्यांवरून ती पुन्हा काढा. चौकटी पुरेशा बारीक असतील तर रेघ जशीच्या तशी उमटते. मात्र दोन चौकटींच्या मध्येच एखादे वळण येऊन गेले, तर ते निसटते. म्हणून नियम असा, की आवाजातील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी करावी. टेलिफोनवर सेकंदाला सुमारे ३,४०० कंपनांपर्यंतचाच आवाज पाठवीत. त्यावरून थोडी सवड ठेवून मोजणी सेकंदाला ८,००० वेळा ठरली. प्रत्येक मोजणीला ८ बिट, म्हणजे उंचीच्या २५६ पायऱ्या. गुणाकार करा: ८,००० × ८ = ६४,००० बिट दर सेकंदाला. अंकीय टेलिफोनची राखीव वाट नेमकी एवढ्या रुंदीची असे.

एवढे आकडे पाठवायची खरोखर गरज आहे का? येथे एका भारतीयाचे काम उपयोगी पडते. कानपूरला १९३३ साली जन्मलेले बिष्णु अटल अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आवाजाचा अभ्यास करीत होते. त्यांच्या कामामागची कल्पना तुम्हाला घरी पडताळता येईल. एकाच सुरात 'आ-ई-ऊ' म्हणा. सूर बदलला नाही, म्हणजे कंठातील पडद्यांची कंपने तीच आहेत. बदलला तो फक्त तोंडाच्या पोकळीचा आकार. हा आकार स्नायूंनी बदलावा लागतो आणि स्नायू हळू चालतात. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात तो फारसा बदलूच शकत नाही. म्हणून आवाजाचा पुढचा आकडा मागच्या काही आकड्यांवरून बराचसा अंदाजाने सांगता येतो. अंदाजाचा नियम आणि तो किती चुकला एवढेच पाठवले, तरी पलीकडच्या यंत्राला आवाज पुन्हा घडवता येतो. अटल यांनी १९८५ साली मान्फ्रेड श्रोडर यांच्याबरोबर या मार्गाने आणखी एक पद्धत मांडली आणि पुढे मोबाइल फोनमध्ये तिचा सर्रास वापर झाला. इंटरनेटवरच्या बोलण्यासाठी २०१२ साली प्रमाण ठरलेली 'ओपस' ही पद्धत बोलण्यासाठी याच अंदाजाचा उपयोग करते. तिच्यात २४,००० बिटांत टेलिफोनहून चांगला आवाज जातो.

पुडके केवढे असावे?

आता आपण पुडके बांधू. साधारणपणे २० मिलिसेकंदांचे बोलणे एका पुडक्यात घालतात, म्हणजे सेकंदाला ५० पुडकी. २४,००० भागिले ५० म्हणजे ४८० बिट, अर्थात ६० बाइट. त्यावर पत्ता, अनुक्रमांक, वेळेची नोंद असा मजकूर येतो आणि तो ४० बाइटांचा असतो! शंभर बाइटांच्या पुडक्यात चाळीस बाइट लिफाफ्याचेच. कोणीही व्यवहारी माणूस म्हणेल, एका लिफाफ्यात जास्त माल भरा. १०० मिलिसेकंदांचे बोलणे एकत्र बांधले, तर माल ३०० बाइट, लिफाफा ४० आणि सेकंदाला दहाच पुडकी. खर्च ५,००० बाइटांवरून ३,४०० वर येतो. मग तसे का करीत नाहीत?

कारण पुडके भरेपर्यंत ते निघू शकत नाही. १०० मिलिसेकंदांचे पुडके भरायला १०० मिलिसेकंद लागणारच. शिवाय ते वाटेत हरवले, तर एक अख्खे अक्षर गेले. २० मिलिसेकंदांचे हरवले तर कानाला बहुधा पत्ताही लागत नाही. फोन मागच्याच तुकड्यासारखा आवाज काढून भोक बुजवतो. येथे काटकसर करायची ती बोलण्याची लय मोडणार नाही इतपतच.

सेकंदाला ५,००० बाइट, तर मिनिटाला ३ लाख. दोन्ही दिशा धरून ६ लाख बाइट, म्हणजे ०.६ एम्.बी. तासाला ३६ एम्.बी. एक जी.बी. डेटात सत्तावीस तासांहून अधिक बोलणे होते. आमच्या रविवारच्या तीन मिनिटांशी याची तुलना करा.

चित्रासह बोलायचे असेल, तर गणित बदलते. सेकंदाला ६ लाख बिटांचे बेताचे चित्र धरले, तरी एका दिशेला मिनिटाला ४.५ एम्.बी. लागतात, म्हणजे नुसत्या आवाजाच्या पंधरा पट. उलट लेखी निरोप पाहा. 'पोचलो. काळजी करू नको.' यात काना, मात्रा, वेलांट्या वेगळ्या मोजून १६ देवनागरी चिन्हे आहेत. प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे ४८. टिंबे आणि मोकळ्या जागा मिळून ५. एकूण ५३ बाइट. पत्ता आणि कुलूप धरून तो काहीशे बाइटांचा होईल, तरीही बोलण्याच्या एका सेकंदापेक्षा पुष्कळ हलका. (जाता जाता: साध्या एस्.एम्.एस्.ची पिशवी १४० बाइटांची असते. तीत इंग्रजी अक्षरे १६० मावतात, पण मराठी चिन्हे ७०च. मराठीत लिहिणाऱ्याला लांब निरोपाचे म्हणून दुप्पट पैसे पडत, त्याचे कारण हे.)

उशीर

बोलणे स्वस्त झाले, पण प्रकाशाचा वेग काही वाढला नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटर आहे. तारेची वाट वळणावळणाची. ती १६,००० किलोमीटर धरली, तर एका बाजूने ८० मिलिसेकंद लागतात आणि कितीही पैसे मोजले तरी ते कमी होत नाहीत.

पुडकी वाटेत निरनिराळ्या ठिकाणी खोळंबतात, म्हणून ती सारख्या अंतराने येत नाहीत. पाहुणे वेगवेगळ्या गाड्यांनी येणार असले, की आपण पंगत थोडी थांबवतो. फोनही तसेच करतो. चाळीस-साठ मिलिसेकंद थांबून पुडकी क्रमाने लावतो आणि मग वाजवतो. फार थांबावे तर भात गार होतो. एका बाजूचा एकूण उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यापलीकडे माणसे एकमेकांच्या बोलण्यावर आदळू लागतात.

हे आदळणे आमच्या आईला चांगले ठाऊक होते. त्या काळी बरेच परदेशी कॉल उपग्रहावरून जात. पुणे जिल्ह्यात आर्वी येथे १९७१ साली सुरू झालेले विक्रम भूकेंद्र त्यासाठीच उभारलेले होते. भूस्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायचा, म्हणजे ७२,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही त्याला २४० मिलिसेकंद लागतात आणि उत्तर यायला तेवढेच आणखी. आई विचारी, "बरी आहेस ना?" उत्तर आले नाही असे वाटून ती पुन्हा विचारी, आणि नेमके तेव्हा ताईचे "हो" येऊन आदळे. तीन मिनिटांतली कितीतरी सेकंदे अशा "हॅलो, हॅलो"त गेली.

पुडक्यांतून आवाज पाठवण्याचे प्रयोग १९७४ सालीच अर्पानेट या जाळ्यावर झाले होते. सामान्य माणसाला विकत मिळणारा पहिला प्रोग्राम १९९५ सालचा. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडे इंटरनेट लोकांना खुले झाले. इंटरनेटवरून बोलण्यास भारतात १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली. त्यानंतरच्या वर्षी आलेले स्काइप मे २०२५ मध्ये बंदही झाले. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलता येऊ लागले ते २०१५ मध्ये; दुसऱ्याच वर्षापासून तेथील पुडकी दोन्ही टोकांना कुलूप लावून जातात, वाटेतल्या कोणाला ती उघडता येत नाहीत. आता तर ४-जीवरचा साधा कॉलही आतून पुडक्यांनीच जातो.

एक खूण, दोन खुणा

बोलणे आणि निरोप यांच्यातला एक फरक मी पुस्तकातून शिकवीत असे. तो मला नीट कळला २२ जुलै २०२१ रोजी.

त्या दिवशी पहाटे वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. मी नोकरीच्या गावी होतो. आई शेजाऱ्यांबरोबर वरच्या मजल्यावर असणार, एवढाच माझा अंदाज होता. फोन लागत नव्हता, साधाही नाही आणि इंटरनेटवरचाही नाही. वीज गेलेली, टॉवर बॅटरीवर किती टिकणार? मी लिहून पाठवले, "कुठे आहात?" त्यापुढे एकच करडी खूण उमटली. निरोप माझ्याकडून निघून मधल्या संगणकापर्यंत पोचला, आईच्या फोनपर्यंत नाही, असा तिचा अर्थ. न्यू जर्सीहून ताई दर दहा मिनिटांनी तेच विचारीत होती.

बोलण्याला सेकंदाला पन्नास पुडकी सतत मिळावी लागतात. उशिरा आलेले पुडके कामाचे नसते. ते टाकूनच द्यावे लागते, पुन्हा मागवण्यात अर्थ नाही. निरोपाचे तसे नाही. तो थांबतो. मधला संगणक तो जपून ठेवतो (व्हॉट्सअ‍ॅपवर तीस दिवसांपर्यंत), आणि पलीकडचा फोन क्षणभर जरी जाळ्याला लागला, तरी निरोप पुढे सरकवतो. पोच आली नाही तर पुन्हा पाठवतो. त्याला सलग वाट नको. अर्ध्या मिनिटाची फट पुरते.

ती फट रात्री दीडच्या सुमारास मिळाली. माझ्या निरोपापुढे दुसरी खूण उमटली आणि पाठोपाठ आईचा निरोप आला, "वर आहोत. पाणी जिन्यात. बरी आहे." तो तिने संध्याकाळी लिहून पाठवला होता आणि तो तिच्या फोनमध्ये वाट पाहत बसला होता. त्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा काही नाही. मी तो निरोप तसाच ताईला पाठवला. तिकडे दुपारचे चार वाजले होते.

म्हणून जाळे अशक्त असेल, तर चित्र बंद करा. तरी जमले नाही तर आवाज नोंदवून पाठवा. तेही जाईना तर लिहा. संकटात मदत हवी असेल तर मात्र ११२ला साधा फोनच लावावा.

एक प्रयोग

तुमच्या फोनवरचा उशीर घड्याळाने मोजता येतो. आधी मित्राला समोर बसवा आणि आळीपाळीने अंक म्हणा: तुम्ही एक, त्याने दोन, असे वीसपर्यंत. दुसऱ्याचा अंक ऐकू आल्याबरोबर आपला म्हणायचा. लागलेला वेळ लिहून ठेवा. मग तोच मित्र दुसऱ्या गावी असताना इंटरनेटवरून तेच करा. तुमच्या 'एक'पासून त्याचे 'वीस' तुमच्या कानी पडेपर्यंत आवाजाच्या वीस फेऱ्या होतात. म्हणून वाढलेल्या वेळाला वीसने भागले की एका बाजूचा उशीर मिळतो. पाच वेळा करून सरासरी घ्या. वाय-फाय आणि मोबाइल डेटा यांची तुलना करा. दहा मिनिटे बोलून फोनच्या सेटिंगमध्ये किती डेटा खर्च झाला तेही पाहा आणि वरच्या गणिताशी ताडून बघा. फरक आला तर त्याचे कारण शोधा.

मी हा प्रयोग आई आणि ताईवर केला. ताई गेल्या डिसेंबरात घरी आली होती तेव्हा दोघींना समोरासमोर १३ सेकंद लागले. ती परत गेल्यावर फोनवरून १७ लागले. चार भागिले वीस, म्हणजे ०.२ सेकंद. शिफारशीपेक्षा थोडे जास्तच. त्यातले ८० मिलिसेकंद तारेचे, २० पुडके भरण्याचे, साठेक पंगत थांबवण्याचे. उरलेले चाळीस फोनच्या आत आणि आमच्या घरच्या वाय-फायमध्ये कुठेतरी. आकडे वहीत लिहून मी फोन बंद करायला गेलो, तर आईने हात अडवला. दोघींचे बोलणे अजून व्हायचे होते.